स्टुडिओ आणि ग्रंथालय : दृश्यकलेच्या विद्यापीठीय शिक्षणाविषयी

चित्र काढायला शिकण्यासाठी विद्यापीठात जावंच लागतं असं नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण या पुस्तकाचा विषय या वाक्याच्या पलीकडे सुरू होतो. मकबूल फिदा हुसेन मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवून पोट भरत होते. सुधीर पटवर्धन पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाले, ठाण्यात रेडिऑलॉजिस्ट म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं, आणि ते करता करताच लोकलमधली गर्दी, उपनगरातल्या इमारती, कामकरी माणसं रंगवत आजच्या भारतातल्या महत्त्वाच्या चित्रकारांपैकी एक झाले. डहाणू-जव्हारकडे लग्नाचा चौक लिहिणाऱ्या वारली सुवासिनींना कुणी अभ्यासक्रम आखून दिलेला नव्हता. हात तयार होतो तो सरावाने, आणि सराव घरी होतो, गुरूकडे होतो, आता मोबाइलच्या पडद्यासमोरही होतो.

मग अठराव्या वर्षी एखाद्या मुलाने किंवा मुलीने पदवीची चार वर्षं आणि पुढे पदव्युत्तरची दोन वर्षं का द्यावीत? पालक हा प्रश्न विचारतात तेव्हा त्यामागे पोटापाण्याची काळजी असते. ती रास्त आहे आणि पुढच्या प्रकरणांत तिच्याविषयी सविस्तर लिहिलेलं आहे. उपयोजित कला, वस्त्रकला, ॲनिमेशन, कलाशिक्षण, संग्रहालयं, जुन्या चित्रांचं जतन अशा कितीतरी वाटा आता आहेत. पण प्रस्तावनेत मला प्रश्नाची दुसरी बाजू धरायची आहे. नोकरीचं सोडा, खुद्द चित्राला विद्यापीठाचा काय उपयोग?

माझं उत्तर असं की विद्यापीठ चित्रकाराला संगत देतं. आपल्या आधी होऊन गेलेल्यांची, शेजारच्या दालनात माती मळणाऱ्याची, इतिहास शिकणाऱ्याची, आणि आपल्या कामासमोर उभं राहून 'हे इथे का?' असं विचारणाऱ्याची. ही संगत आपोआप जमत नाही. कुणीतरी ती विचारपूर्वक जमवावी लागते, आणि नंतर जपावी लागते. जिथे ती जमवली गेली तिथे दोनतीन पिढ्यांत देशाची चित्रकला बदलली. जिथे नुसती पदवी आली आणि संगत आली नाही, तिथे मुलं सबमिशन करत राहिली.

आपल्याकडे कलाशाळा आणि विद्यापीठ यांची गाठ फार उशिरा पडली. मुंबईपुरतं बोलायचं तर यात एक विलक्षण योग आहे. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी 1853 साली कलाशाळेसाठी एक लाख रुपये देऊ केले आणि मार्च 1857 मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत तिचे वर्ग सुरू झाले. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली. एकच शहर, एकच साल. पुढे दोन्ही संस्थांच्या इमारतीही पायी जाण्याइतक्या अंतरावर उभ्या राहिल्या. तरी जे. जे. स्कूल ऑफ आर्ट मुंबई विद्यापीठाला जोडलं गेलं ते 1981 साली. मधली सव्वाशे वर्षं दोघं शेजारी राहिले, पण एकमेकांच्या घरात गेले नाहीत.

याचं कारण कलाशाळांच्या हेतूत होतं. मद्रास (1850), कलकत्ता (1854), मुंबई (1857), लाहोर (1875) या सरकारी कलाशाळा मुख्यतः चांगले कारागीर आणि नक्षीकाम करणारे तयार व्हावेत म्हणून निघाल्या. विचार करणारा कलावंत घडवणं हे त्यांच्या कल्पनेत नव्हतं. विचाराचं खातं विद्यापीठाकडे होतं. असं असूनही जे.जे.त विचार शिरलाच, आणि तो कामाच्या वाटेने शिरला. तिथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांनी 1872 पासून 1885 पर्यंत आपले विद्यार्थी अजिंठ्याच्या लेण्यांत नेऊन तिथल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करून घेतल्या. पेस्तनजी बोमनजींसारखी मुलं त्या अंधाऱ्या लेण्यांत महिनोन्‌महिने राहिली. प्रतिकृती लंडनला गेल्या आणि त्यांतल्या पुष्कळ 1885 च्या आगीत जळाल्या. पण ज्यांनी त्या केल्या त्यांच्या डोळ्यांत अजिंठा राहिला. परदेशी मास्तरांनी परदेशी पद्धतीने शिकवलेल्या रेखाटनामुळे महाराष्ट्रातली मुलं दीड हजार वर्षांपूर्वीच्या रेषेसमोर बसली, ही माझ्या मते आपल्या कलाशिक्षणातली पहिली मोठी घटना आहे. तिची परीक्षा नव्हती आणि तिला गुणही नव्हते.

पुढचा जे.जे.चा इतिहास मराठी वाचकाला बराच ठाऊक आहे. गणपतराव म्हात्र्यांनी 1896 च्या सुमारास विद्यार्थिदशेतच घडवलेली 'मंदिरपथगामिनी', रावबहादुर धुरंधरांची 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' ही आठवणींची वही, नंतर अहिवासी, पळशीकर, धोंड यांचे वर्ग. रझा, गायतोंडे, तय्यब मेहता, अकबर पदमसी, बरवे हे सगळे तिथलेच. सूझांना 1945 साली तिथून काढून टाकलं गेलं, तेही त्याच इतिहासाचा भाग. शिकवण्यात काही कमी होतं असं ही यादी बघून कोण म्हणेल? मात्र विद्यार्थ्याच्या हातात पडायची ती 'जी. डी. आर्ट' ही सरकारी पदविका. साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान शिकणाऱ्यांशी तिचा संबंध नव्हता. मुंबईच्या चित्रकारांना बोलायचं, भांडायचं, वाचायचं असे ते आवाराबाहेर, प्रदर्शनांत, स्टुडिओंत आणि चहाच्या टेबलाभोवती. ज्यांना ती वर्तुळं सापडली ते पुढे गेले. मुरूडहून किंवा मिरजेहून आलेल्या, कुणाची ओळख नसलेल्या मुलाला ती सापडली नाहीत तर त्याचं शिक्षण हेड स्टडीपाशी थांबायचं.

शांतिनिकेतनात रवींद्रनाथांनी 1919 मध्ये कलाभवन सुरू केलं ते याच्या उलट टोकाने. तिथे कला हा शिक्षणाच्या मध्यावर ठेवलेला विषय होता. नंदलाल बोस, बिनोदबिहारी मुखर्जी, रामकिंकर बैज हे शिकवत आणि त्याच झाडांखाली स्वतःचं कामही करत. रामकिंकरांची शिल्पं आजही त्या आवारात उघड्यावर उभी आहेत. विश्वभारती 1951 साली केंद्रीय विद्यापीठ झालं, पण त्याआधीच तिथे सिद्ध झालं होतं की कवी, संशोधक, गायक आणि चित्रकार एका ठिकाणी राहिले की चित्रकाराचं भान मोठं होतं.

आता बडोद्याकडे येतो, कारण या पुस्तकातल्या प्रत्येक प्रश्नाचा माग काढत गेलं की वाट तिथेच पोचते. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललितकला विद्याशाखा 1950 साली सुरू झाली. दृश्यकलेला विद्यापीठाची पूर्ण विद्याशाखा म्हणून जागा देणं, विज्ञान, वाणिज्य, कला या शाखांच्या बरोबरीने तिला अधिष्ठाता, ग्रंथालय आणि पदवी देणं, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. विद्यापीठ स्वतःच एका वर्षाचं होतं आणि त्याच्या कुलगुरू होत्या हंसा मेहता, संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात 'सर्व पुरुष' या अर्थाच्या शब्दांऐवजी 'सर्व माणसं' या अर्थाचे शब्द यावेत म्हणून आग्रह धरणाऱ्या. अशा बाईंच्या कारकिर्दीत चित्रकला विद्यापीठात आली, याला मी योगायोग मानत नाही.

जमीन आधीच नांगरलेली होती. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या मुलाला 1875 मध्ये दत्तक घेऊन गादीवर बसवलं गेलं, आणि त्या सयाजीरावांनी बडोद्यात संग्रहालय काढलं, राजा रविवर्म्याकडून चित्रं करून घेतली, 1890 मध्ये तंत्र आणि कारागिरी शिकवणारं कलाभवन उघडलं. दादासाहेब फाळके मुंबईच्या जे.जे.नंतर याच कलाभवनात शिकले. कीर्तिमंदिराच्या भिंती रंगवायला नंदलाल बोस आले आणि 1939 ते 1946 या काळात त्यांनी तिथे गंगावतरण, महाभारताचं युद्ध, मीरेचं जीवन आणि 'नटीर पूजा' ही चार मोठी भित्तिचित्रं केली. म्हणजे विद्याशाखा निघण्याआधीच मुंबई आणि शांतिनिकेतन या दोन्ही परंपरा बडोद्याच्या उंबऱ्याशी येऊन ठेपल्या होत्या.

पहिले अधिष्ठाते मार्कंड भट्ट. ते अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या बार्न्स फाउंडेशनमध्ये शिकून आलेले होते, आणि चित्र कसं बघायचं हे शिकवता येतं या विचारावर ती संस्था उभी होती. चित्रकला विभागाला नारायण श्रीधर बेंद्रे आले. इंदूरचे मराठी, देवळालीकर मास्तरांचे विद्यार्थी, 1933 साली मुंबईची पदविका घेतलेले. शिल्पकलेला शंखो चौधुरी आले ते शांतिनिकेतनातून, रामकिंकरांच्या हाताखालून. वर्षभरात के. जी. सुब्रमण्यन आले. हा मूळचा अर्थशास्त्राचा विद्यार्थी. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात असताना स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेला, सरकारी कॉलेजांची दारं बंद झाली आणि तो शांतिनिकेतनला पोचला. या नेमणुकांकडे जरा थांबून बघावं असं मला वाटतं. एकाच छापाची माणसं गोळा करणं सोपं होतं. इथे इंदूर-मुंबईचं वास्तवदर्शी रेखाटन, बंगालचा परंपरेचा विचार आणि अमेरिकेतली बघण्याची शिस्त अशी तीन वेगळी बीजं मुद्दाम एका वाफ्यात पेरली गेली. विद्यार्थ्याला पहिल्या दिवसापासून कळत होतं की शहाणी, मन लावून काम करणारी माणसंही एकमेकांशी सहमत नसतात. विद्यापीठ म्हणजे हेच.

बेंद्र्यांची शिकवण्याची पद्धत त्यांच्या विद्यार्थ्यांनी अनेकदा सांगितली आहे. आपल्यासारखं चित्र काढा असं त्यांनी कुणाला सांगितलं नाही. घनवादाच्या अंगाने ते स्वतः प्रयोग करत होते. त्यांच्या 'सूर्यफूल' या चित्राला 1955 मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मुलं ते रोज बघत होती. पण त्यांच्याकडून बाहेर पडलेले ज्योती भट्ट, शांती दवे, गुलाम मोहम्मद शेख, रतन परिमू, हिंमत शहा यांची चित्रं शेजारी शेजारी लावली तर एका गुरूचे शिष्य म्हणून ओळखू येणार नाहीत. शिक्षकाला याहून मोठं प्रमाणपत्र नको. 1956 साली 'बडोदा ग्रुप'ने मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत प्रदर्शन मांडलं तेव्हा शिक्षक आणि विद्यार्थी एकाच भिंतीवर होते.

सुब्रमण्यन यांनी आणखी एक दार उघडलं. विणकर, कुंभार, खेळणी करणारे, टेराकोटा करणारे यांच्याकडे 'हस्तकला' म्हणून खाली बघायची सवय कलाशाळांना लागलेली होती. ते काही काळ हातमाग मंडळावर काम करून आले आणि मग त्यांनी ही सगळी माणसं, त्यांची साधनं, त्यांची बुद्धी विद्यार्थ्यांसमोर आणली. 1961 पासून सुरू झालेल्या फाइन आर्ट्स फेअरमध्ये शिक्षक-विद्यार्थी मिळून खेळणी, बाहुल्या, भांडी, कपडे बनवून शहरातल्या लोकांना विकत. बडोद्याच्या कुटुंबांतून त्या जत्रेला गर्दी व्हायची. मृणालिनी मुखर्जी ही त्यांची विद्यार्थिनी पुढे तागाच्या दोरखंडांच्या गाठी मारून माणसाएवढी शिल्पं करू लागली. ते माध्यम तोवर आपल्याकडच्या शिल्पकलेत अनोळखी होतं. ज्योती भट्टांनी कॅमेरा घेऊन गुजरातच्या आणि इतर प्रांतांच्या खेड्यांत भिंतींवरची चित्रं, रांगोळ्या, गोंदणं यांची वर्षानुवर्षं नोंद केली. त्यांतलं बरंचसं आज मूळ जागी उरलेलं नाही.

पण माझ्या दृष्टीने बडोद्याचं सर्वांत मोठं देणं कलेतिहास विभागाचं आहे. तिथे कलेचा इतिहास हा चित्रकाराने आठवड्यातून दोन तास सहन करायचा पेपर राहिला नाही. त्याचा स्वतंत्र विभाग झाला, त्याची पदव्युत्तर पदवी झाली, स्लाइड आणि छायाचित्रांचा मोठा संग्रह जमा झाला आणि या विभागाची दारं स्टुडिओंकडे उघडी राहिली. संग्रहालयशास्त्राचा विभागही 1952 मध्येच निघाला होता. चित्रकार असलेले परिमू आणि शेख हे कलेतिहास शिकवायचे. शेखांच्या पुढच्या चित्रांत मुघल लघुचित्रं, सिएनाचे इटालियन चित्रकार, कबीर आणि बडोद्याची गल्ली एकत्र नांदतात, याचं मूळ या वर्गांत आहे असं मी ठामपणे म्हणेन. मुंबईत चार्टर्ड अकाउंटंट झालेला भूपेन खक्कर 1962 मध्ये बडोद्याला आला तो कलासमीक्षेच्या अभ्यासक्रमाला. तिथल्या चित्रकलेच्या वर्गात त्याने रीतसर शिक्षण घेतलं नाही. अर्धा दिवस कारखान्याचे हिशेब लिहायचे आणि उरलेला वेळ चित्रं. घड्याळ दुरुस्त करणारा, शिंपी, पानवाला यांना त्याने भारतीय चित्रात जी जागा दिली ती आधी कुणी दिलेली नव्हती. 1969 पासून चार वर्षं त्याने आणि शेखांनी 'वृश्चिक' हे छोटं नियतकालिक चालवलं. विद्यापीठात प्रवेश मिळवून माणूस चित्रकार होतो असं भूपेन सांगत नाही. विद्यापीठाचं आवार जवळ असलं, तिथे बोलणारी माणसं असली, तर एक हिशेबनीसही मोठा चित्रकार होऊ शकतो, हे मात्र त्याच्याकडे बघून कळतं. नसरीन मोहम्मदी 1972 पासून तिथे शिकवत होत्या. त्यांच्या पेन्सिल आणि शाईच्या बारीक, सरळ रेषांना ना गोष्ट ना आकृती. शेख-खक्करांच्या गोष्टीवेल्हाळ चित्रांच्या ऐन बहरात, त्याच आवारात, तितक्याच आदराने ही निःशब्द रेघ शिकवली जात होती. नसरीन 1990 मध्ये आपल्या अलिबागजवळच्या किहीमला वारल्या.

हे सगळं सांगताना बडोद्याला सोन्याचा मुलामा चढवायचा हेतू नाही. मे 2007 मध्ये तिथे एका विद्यार्थ्याच्या परीक्षेच्या कामांवरून बाहेरचे लोक आवारात शिरले, विद्यार्थ्याला अटक झाली. उत्तरादाखल मुलांनी विभागाच्या संग्रहातून भारतीय शिल्पपरंपरेतल्या शृंगारिक प्रतिमांचं प्रदर्शन मांडलं. ते बंद करायला प्रभारी अधिष्ठाते शिवाजी पणिक्कर यांनी नकार दिला, तर विद्यापीठाने त्यांनाच निलंबित केलं. परीक्षेसाठी भिंतीवर लावलेलं काम हे शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यातलं अपुरं वाक्य असतं. त्या वाक्याच्या मध्येच पोलीस उभे राहिले तर शिकणं थांबतं. ज्या संस्थेने साठ वर्षं संगत जमवली तिलाही ती एका आठवड्यात विस्कटताना बघावी लागली. संगत जपावी लागते असं मी वर म्हटलं ते म्हणूनच.

या शिक्षणाचा दिवस कसा असतो याचीही कल्पना वाचकाला हवी, कारण घरच्यांना ती बहुधा नसते. महाराष्ट्रातली बहुतेक मुलं एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या रस्त्याने येतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र. दहावीला त्याचे वाढीव गुणही मिळतात. प्रवेशाच्या सीईटीतही साधारण याच गोष्टींची परीक्षा होते. पहिलं वर्ष फाउंडेशनचं: रेषा, रंगछटा, पोत, मातीकाम, अक्षर. सकाळी स्टुडिओ, दुपारी थिअरी. हातात बोर्ड, खांद्याला रोल, नखांत कोळसा. पुढच्या वर्षांत स्टिल लाइफ, अँटिक, मॉडेलवरून रेखाटन, मग कॉम्पोझिशन. तिसऱ्या वर्षाच्या आसपास एक अवघड वळण येतं. आतापर्यंत मास्तर विषय देत होते. आता विचारतात, तुला काय करायचंय? ज्याचा हात सर्वांत तयार तोच पुष्कळदा इथे सर्वांत जास्त गडबडतो. हुबेहूब काढता येतं, पण काय काढावं हे ठाऊक नाही. माझ्या वर्गात मी हे दरवर्षी बघतो. गावाकडून आलेली, जत्रेतले पाळणे, ऊसतोड, विहिरी, मुंजीचे मांडव डोळ्यांत साठवून आलेली मुलं बागेतला बाक आणि फुलदाणी रंगवत बसतात, कारण 'चित्राचा विषय' म्हणजे तोच असं त्यांना वाटतं. अशा वेळी ग्रंथालय कामाला येतं. सुधीर पटवर्धनांचं ठाणं किंवा खक्करचा शिंपी दाखवला की मुलगा थोडा वेळ गप्प बसतो आणि मग स्वतःच्या गावाविषयी बोलू लागतो.

बोलणं हा या शिक्षणाचा अर्धा भाग आहे. ज्याला क्रिट म्हणतात, म्हणजे सगळ्यांसमोर काम लावून त्यावर चर्चा, ती नीट चालवणं हे शिक्षकाचं सर्वांत कठीण काम. 'छान आहे' आणि 'हे जमलं नाही' या दोन्ही वाक्यांनी विद्यार्थ्याच्या हाती काही लागत नाही. इथे भाषेचाही अडसर येतो. कलेतिहासाची पुस्तकं आणि पेपर बहुतेक ठिकाणी इंग्रजी, मुलं मराठीत विचार करणारी. परिणामी अतिशय सूक्ष्म नजर असलेली मुलगी आपल्याच चित्राविषयी चार पाठ केलेली इंग्रजी वाक्यं म्हणून खाली बसते. द. ग. गोडसे, बाबुराव सडवेलकर, प्रभाकर बरवे यांनी चित्रावर, शिल्पावर मराठीत इतकं समर्थ लेखन करून ठेवलं आहे की मराठीतून क्रिट होणार नाही असं म्हणायला जागाच उरत नाही. बरव्यांचं 'कोरा कॅनव्हास' तर प्रत्येक फाउंडेशनच्या वर्गात असायला हवं.

विद्यापीठासोबत गुण आले, वेळापत्रक आलं, नियम आले. शिक्षक व्हायचं तर दृश्यकलेची नेट किंवा पीएच.डी. हवी. नियमांत व्यावसायिक कलावंतांसाठी वाट ठेवलेली आहे, पण प्रत्यक्षात ती क्वचितच वापरली जाते. फारसं शालेय शिक्षण नसलेले रामकिंकर आज कुठल्या मुलाखतीला पात्र ठरले असते, हा प्रश्न मला खरोखर छळतो. मी नियमांच्या विरोधात नाही. वशिल्याने भरती होण्यापेक्षा परीक्षा बरी. पण स्वतःचं काम थांबवलेला शिक्षक चित्रकला शिकवू शकत नाही, हे निवड समित्यांनी मान्य केलं पाहिजे. स्टुडिओतला अभ्यास आणि लिखित प्रबंध यांचा मेळ पीएच.डी.त कसा घालायचा यावर जगभर वाद चालू आहे, त्याचं वेगळं प्रकरण पुढे आहे.

आपल्या राज्याच्या दृष्टीने ही चर्चा आत्ताच का करायची? 2023 साली जे. जे. समूहातल्या संस्था मिळून अभिमत विद्यापीठ झाल्या. कला, उपयोजित कला आणि वास्तुकला पुन्हा एका छताखाली आल्या. वास्तुकलेचा विभाग 1952 मध्ये मुंबई विद्यापीठात गेला होता, उपयोजित कला 1961 मध्ये वेगळी झाली होती. म्हणजे 1857 मध्ये जे शेजारी उभे होते त्यांतला एक आता स्वतःच विद्यापीठ झाला. राज्याचं विद्यापीठ व्हावं की अभिमत, शुल्क किती होईल, गरीब घरातल्या मुलांचं काय, यावर माजी विद्यार्थ्यांत आणि शिक्षकांत बरीच चर्चा झाली, आणि शुल्काचा मुद्दा मला सर्वांत गंभीर वाटतो. ज्या शाळेने कोल्हापूर, रत्नागिरी, नागपूरच्या साध्या घरांतली मुलं घडवली ती परवडेनाशी झाली तर विद्यापीठाचा दर्जा कोरडा राहील. जे.जे.त आणि राज्याच्या इतर शासकीय कला महाविद्यालयांत शिक्षकांची पदं वर्षानुवर्षं रिकामी राहत आली आहेत. नागपूर, छत्रपती संभाजीनगर, पुणे, कोल्हापूर इथल्या कला महाविद्यालयांतून आजही उत्तम मुलं बाहेर पडतात, ती अपुऱ्या साधनांतून. गोव्यात पणजीच्या आल्तिनो टेकडीवरचं कला महाविद्यालय 1972 मध्ये निघालं, जे.जे.चेच विद्यार्थी लक्ष्मण पै यांनी तिथे प्राचार्यपद सांभाळलं आणि लहान संस्थाही आपला चेहरा कमावू शकते हे दाखवलं. नव्या विद्यापीठाला बडोद्याच्या इमारतींची नक्कल करायची गरज नाही. 1950 मधल्या नेमणुकांइतक्या धाडसाने माणसं निवडता आली, कलेतिहासाला स्वतंत्र आणि भक्कम विभाग देता आला, आणि मुलांच्या कामाच्या पाठीशी उभं राहता आलं तरी पुष्कळ होईल.

वाचणारा विद्यार्थी असेल किंवा पालक असेल, त्यांना एकच विनंती. प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी त्या महाविद्यालयाच्या वार्षिक डिस्प्लेच्या दिवसांत तिथे जा. भिंतीवरच्या कामांत दहा वेगवेगळे हात दिसतात की एकच हात दहा वेळा दिसतो, ते बघा. शिक्षकांनी गेल्या वर्षात स्वतः काय केलं ते विचारा. ग्रंथालय किती वाजता बंद होतं ते विचारा, आणि शेवटच्या वर्षाच्या एखाद्या मुलीला तिच्या चित्रासमोर उभं करून ती काय सांगते ते ऐका. माहितीपत्रकात हे काहीच छापलेलं नसतं, म्हणून स्वतः जाऊन या आणि मगच ठरवा.